तांबेमामांच्या खोलीतला दिवा

माझं आडनाव परब. पण लालबाग, गिरगाव आणि दादर मिळून आमच्या मालकांच्या ज्या काही चाळी होत्या, तिथल्या एकाही बिऱ्हाडाने मला कधी परब म्हणून हाक मारली नाही. मी मेहता. जुन्या चाळींमध्ये मालकाच्या वतीने भाडं गोळा करणारा माणूस कुठल्याही गावचा, कुठल्याही आडनावाचा असो, त्याला मेहताच म्हणायचं अशी रीत आहे. माझ्या आधीचे मेहता जोशी होते. मेहता जिना चढताना दिसला की बायका बोलणं थांबवतात आणि पोरं उगाचच शहाण्यासारखी वागायला लागतात. नोकरीभर मी हे पाहिलं. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढे थोडी मजाही वाटू लागली.

लोकांना वाटतं, मेहता म्हणजे पावती फाडणारा कारकून. भाडं म्हणाल तर ते कायद्याने केव्हाचं गोठलेलं. माझा पगार त्यातून निघत असेल यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता. खरं काम होतं नजर ठेवण्याचं. कुणी पोटभाडेकरू घातला, कुणी गॅलरी बंद करून मोरी बांधली, कुणी भिंत पाडली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाच्या खोलीला कायमचं कुलूप लागलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा मोठ्या मालकांनी दादरच्या घरी समोर बसवून मला कायदा समजावला होता. ते वकील नव्हते, पण घरमालकाला अर्धा वकील व्हावंच लागतं. म्हणाले, "परब, भाडेकरूने सलग सहा महिने कारणाशिवाय खोली वापरली नाही, तर आपण कोर्टात जाऊन ती परत मागू शकतो. हा आपला हक्क. पण इमारत राहण्याजोगी ठेवणं, डागडुजी करणं, ही आपली जबाबदारी. पावती द्यायची. भांडण कितीही झालं तरी पाणी नि वीज तोडायची नाही. हक्क तुम्हाला कोणीही आठवून देईल. जबाबदारी तुम्ही मला आठवून द्यायची." हे नुसतं बोलणं नव्हतं. ते होते तोवर दर पावसाळ्याआधी सुतार आणि गवंडी सगळ्या चाळींतून फिरत. कुरकुरत का होईना, पण फिरत.

तर कुलपांबद्दल. गिरणगावातल्या माणसाचं अर्धं आयुष्य गावी असतं. शिमग्याला गाव, गणपतीला गाव, आंबे उतरवायला गाव. गिरण्या बंद पडल्यावर पुष्कळ म्हातारी माणसं गावीच राहू लागली. खोली मात्र कोण सोडणार? लालबागची खोली म्हणजे त्यांच्या उभ्या जन्माची एकच कमाई, आणि पुढेमागे चाळ पाडून टॉवर झाला तर त्यातलं घर. मग खोली 'जिवंत' ठेवायची. हा शब्द माझा नाही, चाळीचा. शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची. त्याने रोज दिवा लावायचा, म्हणजे मीटर फिरतं, कारण कोर्टात मालकाचा वकील पहिल्यांदा विजेचं बिल मागतो. दारात चपला ठेवायच्या. दोरीवर कपडे वाळत घालायचे.

हे मला कळत नसे असं कुणी समजू नये. चपलांवरची धूळ मला जिन्यावरूनच दिसायची. गिरगावात एका खोलीच्या कडीला रोज सकाळी दुधाची पिशवी लटकलेली असायची. बिऱ्हाड केव्हाच डोंबिवलीला गेलेलं, आणि त्या दुधाचा चहा शेजारचे मास्तर पीत होते. एकदा त्यांनी मलाच तो पाजला. दूध चांगलं होतं. राहत्या खोलीला एक वास असतो, फोडणीचा, साबणाचा, माणसाचा. रिकाम्या खोलीत कितीही दिवे लावा, तो वास येत नाही. या नजरेचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या जिन्याला लागून, संडासांच्या भिंतीजवळ कोपऱ्यावरची खोली गंगाराम तांब्यांची. सगळे त्यांना तांबेमामा म्हणत. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, त्यामुळे कानाने थोडा अधू आणि बोलायला मोठ्याने. बायको गेलेली. मुलगी मंगल लग्न होऊन नालासोपाऱ्याला. गुडघे धरले तसे मामा कणकवलीकडे गावी, धाकट्या भावाकडे राहू लागले. त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्यांनी मला अनेकदा ऐकवलं होतं. "मेहता, माझ्याकडे मुलीला द्यायला दुसरं काय नाय. ही खोली तिच्या नावावर झाली की मी मोकळा."

किल्ली होती शेजारच्या सुलभावहिनी राण्यांकडे. वहिनी मसाल्याच्या गिरणीत मिरच्या निवडायच्या कामाला जात. त्या चाळीत आल्या की त्यांच्या आधी मिरचीचा ठसका वर यायचा. इतर लोक नुसता दिवा लावत, वहिनींनी डोकं चालवलं होतं. कुलूप बाहेरून दिसू नये म्हणून त्यांनी मामांच्या दाराला लॅच बसवून घेतलं, त्याची एक किल्ली मामांकडे आणि एक स्वतःकडे. आता दार नुसतं बंद दिसायचं. आत कुणी आहे की नाही, बाहेरून कळायला मार्ग नाही. कामाला जाताना त्या आतला दिवा लावून जात, आल्या की बंद करत. कोपऱ्यावरची खोली, दिवसाही अंधारी, त्यामुळे दिवसा दिवा असण्यात नवल नव्हतं. दोरीवर मामांची एक चौकड्याची लुंगी आणि एक बनियन कायम.

मी गेलो की वहिनी दारात येत. "मामा आत्ताच खाली गेले. बसा, च्या टाकतंय."

मी बसायचो. चहा प्यायचो. मामा दरवेळी आत्ताच खाली गेलेले असत. लुंगी तीच, चिमटे तेच. मी काही बोलायचो नाही आणि वहिनीही काही बोलायच्या नाहीत. मी का बोललो नाही, याचं कारण साधं आहे. माझीही परळला खोली आहे, मालवणला घर आहे, आणि माझ्या खोलीचाही कुणीतरी मेहता आहे.

मोठे मालक गेले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या मालकांकडे आला. शिकलेला, गोड बोलणारा माणूस. मला कधी अरेतुरे केलं नाही. त्यांची बाजूही सांगायला हवी. भाडं नावापुरतं, जमीन सोन्याच्या भावाची, आणि त्या जमिनीवर दुसऱ्यांची बिऱ्हाडं कायद्याने बसलेली. त्यांचा जीव पुनर्विकासात अडकला होता. सुतार-गवंड्यांचं फिरणं त्यांनी बंद केलं. "परब, जी इमारत पाडायचीच आहे तिच्यात सिमेंट कशाला ओतायचं?"

संडासांचं पाणी वर्षानुवर्षं कोपऱ्यात मुरत होतं. तुळईची टोकं काळी पडली होती, मी पेन टोचून पाहिलं तर पेन आत गेलं. भाडेकरूंनी अर्ज केले. कायद्यात अशीही सोय आहे, मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूंनी स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. पण त्या भाड्यातून ती तुळई कापून घ्यायची तर नातवंडांचीही नातवंडं लागली असती. मी दादरला जाऊन मालकांना सांगितलं, कोपरा धोक्याचा आहे, निदान टेकू लावू.

"कोपरा म्हणजे तांब्यांची खोली ना?" ते म्हणाले. "ती रिकामीच आहे असं ऐकतो मी. रिकाम्या खोलीला टेकू?"

"दिवा असतो साहेब," मी म्हणालो.

"दिवा असतो. माणूस असतो का?"

"दिवा असतो," मी परत म्हणालो. ते हसले. टेकू आले, पण चाळीच्या पुढच्या बाजूला, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मोजणी ठरली. बिल्डरची माणसं येऊन खोल्या मोजणार, कोण राहतं ते पाहणार, सह्या घेणार. त्या दिवशी ज्याची खोली बंद, त्याचं नवीन घर धोक्यात, हे चाळीत पोराटोरांनाही माहीत होतं. गावी असलेल्या सगळ्यांना फोन गेले. मामांना वहिनींनी केला. मोजणीच्या आदल्या दिवशी या, म्हणजे दगदग नको, असं सांगितलं.

मोजणी अजून दोनेक दिवसांवर होती. मी तळमजल्यावर जिन्याखालच्या माझ्या टेबलाशी बसून भाडं घेत होतो. दुपार कलली होती. आधी पाठीमागे कुणीतरी मुठीने वाळू टाकावी तसा आवाज आला. मग मागच्या बिऱ्हाडातली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, भिंतीला फट पडलीय आणि ती मोठी होतेय. मी जाऊन पाहिलं. फटीतून मागच्या गल्लीतला उजेड दिसत होता.

मला शूर म्हणवून घ्यायचं नाही. पण कुठल्या खोलीत कोण झोपून असतं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, हे माझ्याइतकं चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळाची दोन तरणी मुलं, विकी आणि बाळ्या, माझ्याबरोबर वर आली. आम्ही दारं बडवत गेलो. बायका गॅसवरचं तसंच टाकून निघाल्या. पक्षाघात झालेल्या एका आजोबांना बाळ्याने खांद्यावर टाकून खाली नेलं आणि परत आला. पहिला मजला रिकामा झाला, दुसरा होत आला. आता गॅलरीची लादी पायाखाली हलल्यासारखी वाटत होती.

"काका, बस झालं, चला खाली, गॅलरी सरकतेय!" विकी ओरडला.

"कोपऱ्यावरची राहिली," बाळ्या म्हणाला आणि तिकडे निघाला. मी त्याच्या मागे होतो. लुंगी दोरीवर होती. खिडकीच्या काचेतून दिवा दिसत होता, आणि आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, मोजणी आली म्हणून वहिनींनी मीटर जरा जोरात फिरवायला घेतलंय.

तेवढ्यात खालून, चौकातून वहिनींचा आवाज आला. त्या नुकत्याच कामावरून येऊन पोचल्या होत्या. दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. "नको रे पोरांनो! थंय जाव नकात! कोण नाय थंय! तो दिवो मीच लावलंय! मामा गावाक आसत!"

सगळा चौक ऐकत होता. मालकाचा मेहता वर गॅलरीत उभा राहून ऐकत होता. इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी चहाच्या कपाआड लपवली होती, ती त्यांनी दोन पोरांचे जीव वाचावेत म्हणून चारचौघांत बोलून टाकली. त्या क्षणी मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी बाळ्याच्या शर्टाला धरून त्याला मागे ओढलं. "खोली रिकामी आहे. चल."

आम्ही पुढच्या जिन्याने चौकात उतरलो आणि थोड्याच वेळात मागचा कोपरा खाली बसला. मागचा जिना, संडास, त्याला लागून असलेल्या खोल्या. आवाजापेक्षा धूळ माझ्या जास्त लक्षात आहे, समोरचा माणूस दिसेना. धूळ बसल्यावर लोकांनी आपापली माणसं मोजली. सगळी होती. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, कुणीतरी गणपतीच्या नावाने जयजयकार केला. मी मालकांना फोन लावून सांगितलं, कोपरा गेला, पण माणूस एकही गेला नाही. ते म्हणाले, "देवाची कृपा." समोरच्या हॉटेलातून चहा आला. वहिनी स्वतः पेले भरून वाटत होत्या. मला पेला देताना म्हणाल्या, "मेहतानू, आता कळलाच तुमका. मामांच्या खोलयेचा काय ता बघा, गरीबाच्या पोटावर पाय देव नकात." मी म्हणालो, "मी काही ऐकलं नाही, वहिनी."

त्यांचा फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातात पेले होते, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. गावाहून मामांचा धाकटा भाऊ बोलत होता. "वयनी, दादा पोचलो मां? बसमधी जागा गावली म्हणान तो काल सांजेकच गेलो. फोन लागणा नाय."

वहिनींनी पेले खाली ठेवले. मग त्या ढिगाऱ्याकडे धावत सुटल्या आणि हातांनी विटा काढू लागल्या. तोवर येऊन पोचलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांना त्यांना उचलून बाजूला करावं लागलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, खाटेवरच. गणपती आटोपून परतणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत बस रखडली आणि ते थकून दुपारी पोचले असणार. सारी चाळ दुपारच्या झोपेत होती. आपल्या खोलीला जवळचा म्हणून ते मागच्या जिन्याने चढले असणार, कुणी पाहिलं नाही. कान अधू, त्यामुळे आमचा आरडाओरडा त्यांना ऐकू गेला नसणार. हे सगळं आम्ही नंतर जुळवलं. पिशवीत कोकमं होती, आणि सहीसाठी लागणारी कागदपत्रं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली.

पुढचं लवकर सांगतो. मालकांवर गुन्हा दाखल झाला, त्यांना जामीन मिळाला. चाळीतली माणसं संक्रमण शिबिरात गेली. मी राजीनामा दिला, वयही झालं होतं. नवीन इमारतीच्या यादीत मामांच्या खोलीपुढे मालकांच्या वकिलाने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, ही खोली कित्येक वर्षं वापरात नव्हती, भाडेकरूचा हक्क केव्हाच संपला होता, तेव्हा त्याच्या मुलीला काही मागता येणार नाही. पुरावा? सगळ्या चाळीदेखत खुद्द शेजारणीने ओरडून सांगितलेलं वाक्य. मंगलने कोर्टात दावा लावला. खोलीत मामांच्या सोबत कुणी राहत नसलं, तरी वारस म्हणून मुलगी मागू शकते. पण खोली वापरात होती हे आधी ठरायला हवं.

वहिनींची साक्ष झाली. खोटं बोलायची त्यांना आता ताकद नव्हती. वकिलाने विचारलं, तुम्ही ओरडलात का? त्या म्हणाल्या, होय. दिवा तुम्ही लावत होतात का? होय. मंगल बाकावर खाली मान घालून बसली होती. तिने वहिनींना एका शब्दाने कधी दोष दिला नाही, आणि मला वाटतं वहिनींना तेच जास्त जड जात होतं.

मग मालकांच्या वकिलाने मला बोलावलं. मी त्यांचा साक्षीदार. मालकाचा मेहता, त्याच्यापेक्षा भरवशाचा माणूस कुठून मिळणार? मला आधी दादरला बोलावून खरं तेवढंच सांगा असं बजावलंही होतं.

"परब, रिकाम्या खोल्या ओळखण्यात तुमची हयात गेली. कोपऱ्यावरची खोली वापरात होती का?"

मी वकिलाकडे पाहिलं, मग मंगलकडे. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी दिवा असतो एवढंच उत्तर देत आलो होतो. पण त्या खोलीला टेकूही मालकांनी याच प्रश्नावरून नाकारला होता. खोली रिकामी म्हणून दुरुस्ती नाही, आणि आता खोली रिकामी म्हणून मुलीला घर नाही. मला एकदम राग आला. मला सहसा राग येत नाही.

"होती," मी म्हणालो. "दिवा चालू होता, पंखा चालू होता, आणि आत माणूस होता. तो तिथेच मेला, साहेब. यापेक्षा खोली आणखी कशी वापरायची असते?"

वकील काहीतरी बोलले, न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं, माझं म्हणणं टाइप झालं. निकाल अजून लागलेला नाही. मंगलला घर मिळेलही. मोठ्या मालकांनी जबाबदारी आठवून द्यायला सांगितलं होतं, ती मी त्यांच्या मुलाला शेवटी कोर्टात आठवून दिली, असं स्वतःशी म्हणत मी बाहेर आलो. खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगली होती.

माझी साक्ष ऐकून वहिनी आधीच बाहेर बाकावर येऊन बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. मला वाटलं, त्या हात जोडतील, आभार मानतील.

"मेहतानू," त्या हळूच म्हणाल्या, "पंखो चालू होतो, असा म्हणालास. ता कोर्टासाठी सांगलास, काय खराच?"

"खरंच. मी दाराजवळच होतो. घरघर ऐकली ना मी."

"पंखो मी कधीच लावूक नाय. बिल वाढात, म्हणान मामांनीच सांगल्यानी होता, फक्त दिवो लाव. इतक्या वर्षांत एकदापण लावूक नाय." त्यांनी माझी बाही धरली. "खाली चौकात माका पंखो कसो ऐकाक येतलो?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. पंखा ऐकला होता मी, आणि त्याचा अर्थ ठाऊक होता त्यांना. एवढं साधं, त्या पंखा लावतात का, हे मी चहा पिताना त्यांना कधीही विचारू शकलो असतो. मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मालकाच्या माणसाला कोण सांगणार?